मेक्सिकोवरील स्पॅनिश स्वारी आणि तिच्यानंतरचे शतक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिका खंडातील युरोपीय वसाहतींच्या आरंभकाळाविषयी वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते बहुतेक फिरून मेक्सिकोवर येतात. म्हणून येथे मध्य मेक्सिको केंद्रस्थानी ठेवला असून कॅरिबियन बेटे, ब्राझील आणि गोवा यांचा उल्लेख संबंध असेल तेथेच केला आहे. एखाद्या मुद्द्याचे उत्तर दुसरीकडे आले असल्यास त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. अमेरिकेत पोहोचलेला पहिला युरोपीय माणूस कोलंबसच होता का?

नव्हता. उत्तर युरोपातील नॉर्स दर्यावर्दी न्यूफाउंडलंड बेटावरील लान्स ओ मेडोज येथे काही काळ राहून गेले होते, आणि तेथील तोडलेल्या लाकडाच्या अभ्यासावरून ते इ. स. १०२१ मध्ये तेथे होते हे निश्चित झाले आहे. त्यांची वस्ती मात्र टिकली नाही. कोलंबस १२ ऑक्टोबर १४९२ रोजी बहामा बेटांपैकी एका बेटावर उतरला, आणि त्यानंतर युरोपीयांचे येणे कधीच थांबले नाही. पुढची पंचवीस-तीस वर्षे स्पॅनिश लोक प्रामुख्याने हिस्पानिओला (आजचे हैती आणि डॉमिनिकन प्रजासत्ताक), क्यूबा आणि आसपासच्या बेटांवर होते. तेथील ताइनो लोकांकडून सोने आणि श्रम कसे उकळायचे, हे त्यांनी तेथे ठरवले आणि तीच पद्धत पुढे मेक्सिकोत नेली.

२. पोपने जग स्पेन आणि पोर्तुगालला वाटून दिले होते, हे खरे का? त्याचा गोव्याशी काय संबंध?

अर्धे खरे आहे. पोप सहावा अलेक्झांडर याने १४९३ मध्ये स्पेनला अनुकूल असे फर्मान काढले. परंतु प्रत्यक्षात लागू झालेली रेषा दोन्ही राजघराण्यांनी वाटाघाटी करून ७ जून १४९४ च्या तोर्देसियासच्या तहात ठरवली. केप व्हर्दे बेटांच्या पश्चिमेस ३७० लीगवरील (लीग हे अंतराचे जुने माप) या रेषेच्या पूर्वेकडचा भाग पोर्तुगालच्या वाट्याला आला. भारताकडे निघालेले पोर्तुगीज दर्यावर्दी काब्राल याचे आरमार २२ एप्रिल १५०० रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याला लागले आणि काही दिवसांनी तेथून पुढे कालिकतला आले. ब्राझील आणि १५१० मध्ये घेतलेले गोवा हे एकाच राजसत्तेच्या, एकाच सागरी मार्गावरचे मुक्काम झाले, ते असे. ज्यांच्या भूमीची ही वाटणी झाली त्यांना अर्थातच कोणी विचारले नव्हते.

३. अ‍ॅझ्टेक आणि मेशिका हे वेगवेगळे लोक आहेत का?

नाही. तेस्कोको सरोवरातील बेटावर वसलेल्या तेनोच्तित्लान आणि त्लातेलोल्को या जुळ्या नगरांचे (आज तेथे मेक्सिको सिटी आहे) लोक स्वतःला मेशिका म्हणवत. अ‍ॅझ्टेक हे नाव फार पुढे रूढ झाले. मात्र ज्याला आपण त्यांचे साम्राज्य म्हणतो ते तेनोच्तित्लान, तेस्कोको आणि त्लाकोपान या तीन नगरांचे, साधारण १४२८ पासूनचे संयुक्त वर्चस्व होते. जिंकलेल्या नगरांत बहुतेक ठिकाणी तेथलाच राजा गादीवर ठेवून त्याच्याकडून खंडणी वसूल केली जाई. पुढचा प्रश्न समजण्यासाठी ही रचना ध्यानात ठेवावी लागते.

४. पाचशे माणसांनी एवढे मोठे साम्राज्य कसे काय जिंकले?

पाचशे माणसांनी ते जिंकलेच नाही. हा प्रश्न सर्वाधिक वेळा येतो आणि त्यातच चूक दडलेली असल्यामुळे उत्तर थोडे विस्ताराने द्यावे लागते.

या स्वारीचा सेनापती एर्नान कोर्तेस १५१९ मध्ये क्यूबाहून निघाला तेव्हा त्याच्यासोबत सुमारे पाचशे सैनिक आणि सोळा घोडे होते. किनाऱ्यावर उतरल्यावर त्याने जहाजे निकामी केली (ती जाळली ही लोकप्रिय कथा चुकीची आहे). खंडणीला कंटाळलेल्या सेम्पोआलाच्या तोतोनाक लोकांनी त्याला आधार दिला. पुढे त्लाश्काला या मेशिकांच्या कट्टर वैरी राज्याने आधी त्याच्याशी लढाया केल्या आणि मग युती केली. ८ नोव्हेंबर १५१९ रोजी तो तेनोच्तित्लानमध्ये शिरला तेव्हा त्याच्या मागे हजारो त्लाश्काली योद्धे होते. राजा मोक्तेसुमाने त्याला पाहुणा म्हणून उतरवून घेतले आणि थोड्याच दिवसांत स्पॅनिशांनी राजालाच ओलीस धरले.

मे १५२० मध्ये कोर्तेस नगराबाहेर असताना त्याचा सहकारी आल्वारादो याने तोश्कात्ल उत्सवात नाचणाऱ्या निःशस्त्र सरदारांची कत्तल केली आणि नगर पेटून उठले. मोक्तेसुमा मारला गेला. तो स्वकीयांच्या दगडांनी मेला की स्पॅनिशांच्या हातून, याबद्दल दोन्ही बाजूंच्या बखरी परस्परविरोधी आहेत. ३० जूनच्या रात्री पळून जाताना स्पॅनिशांची आणि त्यांच्या मित्रांची शेकडो माणसे बांधरस्त्यांवर आणि पाण्यात मेली. ‘मूठभरांचा अजिंक्य पराक्रम’ सांगणाऱ्यांनी या रात्रीचा विचार अवश्य करावा, कारण त्या रात्री घोडे, पोलाद आणि तोफा हे सर्व असूनही ते सपशेल हरले होते.

वेढा पडला तो दहा-अकरा महिन्यांनी, मे १५२१ मध्ये. मधल्या काळात त्लाश्कालाने हरलेल्यांना आसरा दिला, तेस्कोकोचा एक गट फुटून येऊन मिळाला आणि सरोवराकाठची नगरे एकामागून एक बाजू बदलत गेली. त्लाश्काला येथे तेरा लढाऊ जहाजांचे सुटे भाग तयार करून हजारो हमालांनी ते डोंगर ओलांडून सरोवराकाठी आणले. चापुल्तेपेकहून नगरात येणारा गोड्या पाण्याचा कालवा तोडण्यात आला. वेढ्यात उतरलेल्या सैन्यात स्पॅनिश हजाराच्या आसपास होते, तर त्यांचे स्थानिक मित्र काही दहा हजारांच्या घरात. उपासमार, रोगराई (प्रश्न ८ पाहा) आणि घराघरांतून झालेली झुंज यांनंतर १३ ऑगस्ट १५२१ रोजी राजा क्वाउतेमोक पकडला गेला. हे युद्ध मूलतः मध्य मेक्सिकोतील नगरराज्यांचे परस्परांतील युद्ध होते, आणि विजयाचा लाभ मात्र त्यातील सर्वांत नवख्या पक्षाने लाटला, असे म्हणणे वस्तुस्थितीच्या अधिक जवळ जाते.

५. मग त्लाश्कालाचे लोक फितूर होते, असेच म्हणायचे ना?

फितुरीसाठी आधी निष्ठा असावी लागते, आणि त्लाश्कालाने मेशिकांचे वर्चस्व कधीच मान्य केले नव्हते. मेशिकांनी त्यांची चहूबाजूंनी कोंडी केल्यामुळे तेथे मीठ आणि कापूस मिळणेही दुरापास्त झाले होते. ‘इंडियन’ ही एकच जमात असल्याची कल्पना युरोपीयांनी आणली. त्लाश्कालाच्या दरबारात बसलेल्यांना समोर दिसत होता तो पिढ्यान्‌पिढ्यांचा शत्रू आणि त्याच्याविरुद्ध उपयोगी पडू शकणारे परके भाडोत्री. या मदतीच्या मोबदल्यात त्यांनी स्पेनच्या राजाकडून मानचिन्ह, काही करांतून सूट आणि स्वतःचा कारभार मिळवला. १५९१ मध्ये त्यांची चारशे कुटुंबे उत्तरेकडील अशांत सरहद्दीवर वसवण्यात आली, तीही सनदांची बोलणी करूनच. या सवलती पुढे हळूहळू कुरतडल्या गेल्या, हेही खरे.

६. कोर्तेस आणि मोक्तेसुमा एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलत होते?

सुरुवातीला तीन भाषांतून. १५११ मध्ये जहाज फुटून युकातानमध्ये अडकलेला गेरोनिमो दे आगिलार हा स्पॅनिश माणूस तेथे माया भाषा शिकला होता आणि १५१९ मध्ये तो कोर्तेसला येऊन मिळाला. त्यानंतर काही आठवड्यांनी किनाऱ्यावरील पोतोन्चान येथे पराभूत मायांनी वीस स्त्रिया भेट म्हणून दिल्या. त्यांतील एक मूळची नाउआत्ल, म्हणजे मेशिकांची भाषा, बोलणारी होती, ती दासी म्हणून विकली गेल्यामुळे मायाही शिकली होती. तिचा बाप्तिस्मा ‘मारिना’ या नावाने झाला आणि स्थानिक लोक तिला आदराने मालिन्त्सिन म्हणू लागले. कोर्तेस स्पॅनिशमध्ये बोले, आगिलार ते मायामध्ये सांगे आणि मालिन्त्सिन ते नाउआत्लमध्ये नेई. काही महिन्यांतच ती स्पॅनिश शिकली आणि मधला दुवा गळून पडला.

ती देशद्रोही होती का, हा उपप्रश्न हमखास येतो. ती मेशिका नव्हती, तिला विकणारे आणि भेट देणारे तिच्याच भूमीतले होते, आणि ज्या दिवशी तिने तोंड उघडले त्या दिवशी ती गुलाम होती. त्लाश्कालींनी काढलेल्या चित्रांत ती अनेकदा कोर्तेसच्या बरोबरीने, काही ठिकाणी त्याच्याहून ठळकपणे उभी आहे. समकालीनांना तिचे वजन किती वाटत होते ते त्यावरून कळते. तिच्यावरील देशद्रोहाचा शिक्का प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकातील, स्वतंत्र मेक्सिकोच्या राष्ट्रवादाचा आहे.

७. कोर्तेसला तेथील लोकांनी देव मानले होते का?

याला समकालीन आधार नाही. कोर्तेसने स्पेनच्या राजाला लिहिलेल्या पत्रांत आपल्याला केत्साल्कोआत्ल देव समजले गेल्याचा उल्लेख नाही, आणि आत्मस्तुतीची संधी तो सहसा सोडत नसे. ही कथा काही दशकांनंतरच्या लिखाणांत आकाराला आली. पाद्र्यांना ती सोयीची होती, कारण त्यांचे आगमन त्यामुळे पूर्वनियोजित ठरे. पराभूत घराण्यांच्या वंशजांनाही सोयीची होती, कारण दैवापुढे हरण्यात मानहानी कमी असते. मोक्तेसुमाने हेर पाठवले, भेटी पाठवल्या, वाट अडवून पाहिली. हे सगळे देवाशी नव्हे, तर अपरिचित शत्रूशी वागणाऱ्या राजाचे वर्तन आहे.

८. देवीच्या साथीने नेमके काय झाले?

देवीचा रोग १५१८ च्या सुमारास हिस्पानिओलात पोहोचला आणि १५२० मध्ये मेक्सिकोत उतरला. पूर्वी कधीच न आलेल्या या रोगाविरुद्ध कोणाच्याही शरीरात प्रतिकारशक्ती नव्हती. घरातील सर्वच माणसे एकाच वेळी आजारी पडत. त्यामुळे पाणी द्यायला आणि दळायला कोणी उरत नसे, आणि कित्येक जण रोगापेक्षा उपासमारीनेच मेले. मोक्तेसुमानंतर गादीवर आलेला क्वित्लावाक सुमारे ऐंशी दिवसांतच या रोगाला बळी पडला. तथापि साथीने स्पॅनिशांच्या स्थानिक मित्रांनाही तितकेच मारले, त्यामुळे ‘रोगानेच साम्राज्य पडले’ हे उत्तरही अपुरे आहे.

त्याहून मोठा संहार पुढे झाला. १५४५ आणि १५७६ मध्ये सुरू झालेल्या ‘कोकोलिस्त्ली’ नावाच्या साथी अधिक भयंकर होत्या. मूळ लोकसंख्येचे अंदाज इतिहासकारांगणिक अनेक पटींनी बदलतात, पण शतकभरात मध्य मेक्सिकोची बहुसंख्य स्थानिक लोकसंख्या नष्ट झाली याबद्दल मतभेद नाही. वेठबिगार, स्थलांतर आणि मोडलेली शेती यांमुळे आजाऱ्यांना सावरण्याची उसंत मिळाली नाही, म्हणून सगळा दोष जंतूंवर टाकता येत नाही.

९. नरबळीच्या गोष्टी खऱ्या की स्पॅनिशांनी रचलेल्या?

प्रथा खरी होती, आकडे फुगवलेले होते. मेक्सिको सिटीत मुख्य मंदिराजवळ २०१५ मध्ये सापडलेला कवट्यांचा मनोरा हा तिचा निर्विवाद पुरावा आहे. मात्र बखरींतील प्रचंड आकडे पुराव्यांत बसत नाहीत. शिवाय या प्रथेचा हवाला देऊन कत्तलींचे समर्थन करणारे लोक ज्या युरोपातून आले, तेथे त्याच काळात पाखंडाच्या आरोपावरून माणसे जिवंत जाळली जात होती.

१०. एनकोमिएंदा म्हणजे आपल्याकडची जहागीर का?

जवळपास, पण एक मोठा फरक आहे. एनकोमिएंदात जमीन दिली जात नसे. एखाद्या वस्तीतील लोकांकडून कर आणि श्रम घेण्याचा हक्क दिला जाई आणि बदल्यात त्यांना ख्रिस्ती धर्माची शिकवण देण्याचे बंधन असे. बंधन कागदावर राहिले, श्रम मात्र खाणीत आणि शेतात वसूल झाले. कायद्याने हे लोक गुलाम नव्हते, त्यामुळे त्यांना विकता येत नसे. भोगणाऱ्याला हा फरक कितपत जाणवला असेल, हे सांगायला नको.

अपवादही आहेत. मोक्तेसुमाची मुलगी इसाबेल हिला १५२६ मध्ये त्लाकोपानची, म्हणजे स्पॅनिश उच्चारातील ताकूबाची, एनकोमिएंदा मिळाली. स्थानिक राजकन्या स्थानिक लोकांच्या श्रमाची धनीण झाली, आणि मृत्युपत्रात तिनेच आपल्या स्थानिक गुलामांना मुक्त केले.

११. या अत्याचारांविरुद्ध स्पेनमध्ये कोणीच बोलले नाही का?

बोलले, आणि पुष्कळ लवकर. डिसेंबर १५११ मध्ये हिस्पानिओलात आंतोनिओ दे मोन्तेसिनोस या पाद्र्याने प्रवचनातून वसाहतवाल्यांनाच जाब विचारला. बार्तोलोमे दे लास कासास याने स्वतःची एनकोमिएंदा सोडली आणि आयुष्यभर त्या पद्धतीविरुद्ध झगडला. १५४२ चे ‘नवे कायदे’ त्याच खटपटीचे फळ होते. परंतु वसाहतवाल्यांनी बंड करताच वारसाहक्क संपवणारे कलम मागे घेतले गेले. १५५०-५१ मध्ये स्पेनमधील वायादोलिद येथे स्वारीचे समर्थन करणारा विद्वान सेपुल्वेदा याच्याशी त्याचा गाजलेला वाद झाला, ज्याचा अधिकृत निकाल कधीच लागला नाही. याच लास कासासने सुरुवातीला स्थानिकांऐवजी आफ्रिकी गुलाम आणावेत असे सुचवले होते. पुढे त्याला त्याचा पश्चात्ताप झाला, पण त्याला संत ठरवू पाहणाऱ्यांना हा भाग अडचणीचाच आहे.

१२. सगळ्यांना बळजबरीने बाटवले का?

बळजबरी होती, पण ‘बाटवले’ या शब्दात जे घडले ते सगळे मावत नाही. १५२४ मध्ये बारा फ्रान्सिस्कन पाद्री मेक्सिकोत आले. मंदिरे पाडून त्याच दगडांनी चर्च उभारली गेली आणि सरदारांची मुले मठांत ठेवून त्यांच्याकरवी आईवडिलांच्या घरातील मूर्ती शोधून काढल्या गेल्या. १५६२ मध्ये युकातानमधील मानी येथे दिएगो दे लांदा याने मूर्तींसह माया लोकांचे ग्रंथ जाळले. आज माया लिपीतील जेमतेम चार प्राचीन हस्तलिखिते उरली आहेत.

दुसरीकडे, मूठभर पाद्र्यांनी लाखो लोकांना दिलेला बाप्तिस्मा म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत पाणी शिंपडण्यापलीकडे फारसे काही नव्हते. मध्य मेक्सिकोत जिंकणाऱ्याचा देव आपल्या देवांत सामावून घेण्याची रीत जुनीच होती. त्यामुळे नव्या देवाचा स्वीकार अनेकांना स्वाभाविक वाटला. जुने सोडण्याची अट मात्र अनाकलनीय वाटली. हजारोंना बंद चर्चमध्ये बसवण्याऐवजी पटांगणात उघड्यावर उपासना चाले, नाउआत्लमध्ये गाणी आणि नाटके रचली गेली, आणि प्रत्येक गावाने आपला एकेक संत ग्रामदैवतासारखा धरला. तेपेयाक टेकडीवरील ग्वादालुपेच्या मातेची परंपरा १५३१ सालची सांगितली जाते, तर तिच्या दर्शनाची कथा छापून आली ती १६४८ मध्ये. टेकडीवर पूर्वी देवीचे स्थान होते आणि लोक त्याच जुन्या भावाने येतात, अशी तक्रार सोळाव्या शतकातील पाद्रीच करत होते. कोणी कोणाला बदलले, याचे उत्तर म्हणूनच एकतर्फी देता येत नाही.

१३. गोव्यातले इन्क्विझिशन आणि मेक्सिकोतले एकच होते का?

इन्क्विझिशन म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणारे ख्रिस्ती न्यायासन. नाव एक, पण राज्ये दोन आणि नियमही वेगळे. गोव्यातील न्यायासन पोर्तुगालचे होते आणि मधला छोटा खंड सोडल्यास १५६० ते १८१२ पर्यंत चालले. धर्मांतरित स्थानिकांवर, आणि काही बाबतींत हिंदूंवरही, त्याने खटले चालवले. मेक्सिकोत स्पेनचे न्यायासन १५७१ मध्ये स्थापन झाले, पण स्थानिक ‘इंडियन’ त्याच्या अधिकारकक्षेबाहेर ठेवले गेले. त्याआधी १५३९ मध्ये तेस्कोकोच्या डॉन कार्लोस या सरदाराला जाळण्यात आले होते, आणि नवख्या ख्रिस्ती माणसाला एवढी शिक्षा देण्याबद्दल स्पेनमधून बिशपला समज मिळाली होती. याचा अर्थ त्यांना मोकळीक होती असा नव्हे. बिशपांची स्वतंत्र न्यायालये मूर्तिपूजेबद्दल त्यांना शिक्षा करतच होती. ब्राझीलमध्ये तर स्वतंत्र न्यायासन कधी बसलेच नाही, तेथील खटले लिस्बनकडे जात.

१४. स्थानिकांच्या बाजूने लिहिलेले काही उरले आहे का?

आश्चर्य वाटेल इतके उरले आहे. १५३६ मध्ये त्लातेलोल्को येथे सरदारांच्या मुलांसाठी विद्यालय निघाले. तेथील लॅटिन शिकलेल्या नाउआ (नाउआत्ल भाषक) विद्वानांनी बेर्नार्दिनो दे सहागून या पाद्र्यासोबत बारा खंडांचा सचित्र ग्रंथ सिद्ध केला. त्यात एका बाजूला नाउआत्ल आणि दुसऱ्या बाजूला स्पॅनिश मजकूर असून बाराव्या खंडात स्वारीचा वृत्तान्त आहे. हस्तलिखित फ्लोरेन्समध्ये जतन केलेले आहे. हा वृत्तान्त त्लातेलोल्कोवाल्यांचा असल्याने पराभवाचे खापर तो शेजारच्या तेनोच्तित्लानवर फोडतो, हे वाचताना विसरू नये. याखेरीज रोमन लिपी आत्मसात करून स्थानिकांनी दोन-अडीच शतके नाउआत्लमध्येच मृत्युपत्रे, जमिनीचे दावे आणि अर्ज लिहिले. युद्धकथांपेक्षा या रुक्ष दफ्तरातून त्यांचे जग अधिक स्पष्ट दिसते, असे माझे मत आहे.

१५. आपल्या उपवासाचे सगळे पदार्थ अमेरिकेतून आले, हे खरे का?

सगळे नाहीत, पण ताटातील मोठा भाग तिकडचाच आहे. साबुदाणा ज्या कसाव्याच्या कंदापासून बनतो तो कंद, शेंगदाणा, बटाटा, रताळे आणि हिरवी मिरची ही सर्व मूळची अमेरिकी पिके आहेत. वरई आणि शिंगाडा मात्र तिकडचे नव्हेत. मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजांतून पश्चिम किनाऱ्यावर आली. त्याआधी तिखटपणासाठी मिरी आणि पिंपळी वापरत. काजू, पेरू, पपई, सीताफळ, अननस, टोमॅटो आणि तंबाखू यांचे मूळही तिकडेच.

राजगिऱ्याची गोष्ट निराळीच आहे. मेशिकांच्या खंडणीत राजगिरा येत असे आणि सणांत त्याच्या पिठाच्या देवमूर्ती करून त्या प्रसाद म्हणून खाल्ल्या जात. पाद्र्यांना यात आपल्या पवित्र भाकरीची विटंबना दिसली आणि अशा मूर्तींवर बंदी आली. तेच धान्य आपल्याकडे उपवासाला चालते. मेक्सिकोत आजही फुललेला राजगिरा मधात बांधून विकतात. त्याची वडी आपल्या राजगिऱ्याच्या चिक्कीशेजारी ठेवली तर ओळखू येणार नाही. दसऱ्याच्या तोरणातला झेंडूही मूळचा मेक्सिकोचाच असून तेथे नोव्हेंबरच्या आरंभी पितरांच्या सणात त्याच्याच पाकळ्या पसरतात.

१६. १५२१ मध्ये मेक्सिको पूर्णपणे जिंकले गेले का?

मुळीच नाही. त्या वर्षी एक नगर पडले. उत्तरेकडील चिचिमेक लोकांशी १५५० पासून सुमारे चाळीस वर्षे युद्ध चालले आणि ते शस्त्रांनी संपेना, तेव्हा अन्न-वस्त्र पुरवून आणि त्लाश्काली वसाहती बसवून (प्रश्न ५ पाहा) शांतता विकत घ्यावी लागली. आजच्या ग्वातेमालातील इत्सा मायांची राजधानी नोहपेतेन मार्च १६९७ पर्यंत स्वतंत्र होती. नाउआत्ल आज पंधरा लाखांहून अधिक लोक बोलतात.

१७. वसईचे संत गोन्सालो गार्सिया मेक्सिकोला गेले होते का?

ते स्वतः गेले नाहीत, पण मेक्सिकोशी त्यांचा संबंध खरा आहे. वसईत जन्मलेले गोन्सालो मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले, आणि फिलिपिन्सचा कारभार तेव्हा मेक्सिकोतील व्हाइसरॉयच्या अखत्यारीत होता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्यांच्यासह सव्वीस जणांना क्रूसावर चढवण्यात आले. त्यांपैकी फेलिपे दे हेसूस हा मेक्सिको सिटीचा रहिवासी होता. मनिलाहून आकापुल्कोला घरी परतताना त्याचे जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटले होते. मेक्सिकोतील क्वेर्नावाकाच्या कॅथेड्रलमध्ये या हुतात्म्यांची जुनी भित्तिचित्रे आजही पाहायला मिळतात.